मांजरीचं पिल्लू घरी आणलंय? मग त्याची शिदोरी किती आहे ते आधी समजून घ्या

उन्हाळा लागला की ठाणे म्हणा, कळवा म्हणा, ऐरोली-कोपरखैरणे म्हणा, सगळीकडे तेच ऐकू येतं, पार्किंगमध्ये मांजर व्यायली, मीटर रूममध्ये पिल्लं आहेत, कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये एक पिल्लू रात्रभर ओरडत होतं. मग कोणाला तरी राहवत नाही आणि ते पिल्लू एका बुटाच्या खोक्यात बसून घरी येतं. फार चांगलं काम आहे हे, मनापासून सांगते. पण घरी आणल्यानंतरचे पहिले काही आठवडे जरा अवघड असतात, बरीच पिल्लं याच दिवसांत दगावतात आणि घरच्यांना प्रश्न पडतो की काल संध्याकाळी तर मस्त खेळत होतं, सकाळपर्यंत असं झालं काय.

मोठी मांजर एखादा दिवस जेवली नाही, दोनदा उलटी केली, तरी अंगातल्या साठ्यावर दिवस काढते. पिल्लाकडे तो साठाच नसतो. ऊब, साखर, पाणी आणि रोगाशी लढायची ताकद, ही चार गोष्टींची शिदोरी आईने बांधून दिलेली असते, ती पण अगदी थोडी, आणि आईपासून लांब आलं की ती संपायला लागते. पुढे जे सगळं लिहितेय, लस का तीन-तीनदा, जुलाब झाले तर उद्यापर्यंत का थांबायचं नाही, दर काही तासांनी खायला का द्यायचं, ते सगळं या शिदोरीवरूनच कळतं.

सगळ्यात आधी एक विनंती. पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. स्वच्छ आहे, पोट भरलेलं आहे, शांत झोपलंय, तर आई खायला शोधायला गेलेली असते आणि काही तासांत परत येते. लांबून लक्ष ठेवा. आईचं दूध आणि आईची ऊब याची बरोबरी आपल्या कुठल्याही पावडरने होत नाही. मात्र पिल्लू गार पडलंय, अंगावर माश्या बसतायत, सतत ओरडतंय, किंवा आई गाडीखाली गेलीय हे वॉचमनने बघितलंय, तर मग थांबायचं काही कारण नाही.

आता वय ओळखायचं, कारण सगळं वयावर ठरतं. डोळे बंद असतील तर साधारण आठवडा-दहा दिवसांच्या आतलं, डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. पुढचे बारीक दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतात, सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि मागच्या दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. डोळे निळे असतील तर सहसा सात आठवड्यांच्या आतलं, नंतर खरा रंग चढायला लागतो. वजनावरून पण अंदाज येतो, नीट खाऊन-पिऊन असलेलं पिल्लू एका महिन्याचं असताना साधारण ४५० ग्रॅम आणि दोन महिन्यांचं असताना ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं. रस्त्यावरचं पिल्लू अशक्त असेल तर वजन वयापेक्षा कमी दाखवतं, म्हणून दात आणि वजन दोन्ही बघा. दात तिसऱ्या महिन्याचे सांगतायत आणि वजन अर्धा किलो आहे, तर त्या पिल्लाचं काहीतरी बिनसलंय एवढं नक्की.

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर पहिली गरज ऊब, दूध नंतर. हे सगळ्यांचं उलटं होतं. गार पडलेलं पिल्लू बघितलं की घरातलं कोणीतरी दूध गरम करायला धावतं, पण गार शरीरात आतडी कामच करत नाहीत, दूध पोटात पडून राहतं, नासतं, किंवा श्वासनलिकेत जातं. आधी अंगाला ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, एकाच बाजूला, म्हणजे जास्त गरम वाटलं तर पिल्लाला सरकता येतं. एसी बंद, पंखा थेट अंगावर नको. आपल्याकडे एवढं उकडतं मग ऊब कशाला असं वाटतं, पण पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळताच येत नाही आणि पावसाळ्यात ओलं झालेलं पिल्लू बघता बघता गार पडतं.

दूध कुठलं? गाईचं, म्हशीचं, टेट्रापॅकचं, बाळाच्या पावडरीचं, कुठलंच नको. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि जुलाब म्हणजे पाण्याची शिदोरी गेली. मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर पेट शॉपमध्ये मिळते, डब्यावर वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लिहिलेलं असतं. दोन आठवड्यांपर्यंत दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४-५ तासांनी. पाजताना पिल्लू पोटावर पालथं, जसं ते आईला चिकटून पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, ड्रॉपरने जोरात दाबून पाजलं तरी तेच होतं. आणि अजून एक, साधारण तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजण्याआधी किंवा नंतर कोमट ओल्या कापसाने खालच्या बाजूला हलकं हलकं पुसायचं. हे कोणी सांगत नाही आणि पिल्लू पोट फुगून जातं, खरंच वाईट वाटतं अशा वेळी.

चौथ्या आठवड्यापासून त्याच पावडरीच्या दुधात पिल्लांचं वेट फूड, म्हणजे पाकिटातलं तयार ओलं खाणं, कालवून बशीत द्यायला सुरुवात करा, आठव्या आठवड्यापर्यंत ते बऱ्यापैकी खाण्यावर येतं. दिवसातून चार वेळा तरी.

आता वजनाचा काटा. घरात एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, ग्रॅम दाखवणारा. ओट्यावर काटा ठेवायचा, त्यावर एक खोल स्टीलचं भांडं, भांड्यात जुना नॅपकिन, काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू आत ठेवायचं. ते वळवळतं, आकडा वर-खाली होतो, दोन सेकंद शांत बसलं की जो आकडा दिसेल तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. रोज एकाच वेळी, खायच्या आधी. लहान पिल्लाचं वजन दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर डॉक्टरांकडे जा. पिल्लू खेळतंय, ओरडतंय, सगळं छान दिसतंय, तरी काटा एक दिवस आधी सांगतो की आत काहीतरी गडबड आहे, आणि पिल्लाच्या बाबतीत एक दिवस खूप असतो.

साखरेचं पण असंच. आपलं लिव्हर साखर साठवून ठेवतं म्हणून आपल्याला एखादी एकादशी झेपते. पिल्लाच्या लिव्हरमध्ये तो साठा जेमतेम, काही तास खाल्लं नाही किंवा उलट्या झाल्या की रक्तातली साखर घसरते, पिल्लू मलूल पडतं, मान टाकतं, थरथरतं, झटके पण येतात. अशा वेळी बोटावर थोडं ग्लुकोजचं पाणी किंवा मध घेऊन हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, अंग गरम ठेवा आणि लगेच निघा. हा इलाज झाला असं समजू नका, हे फक्त क्लिनिकपर्यंत पोचायचं बळ आहे.

जुलाबांबद्दल जरा सविस्तर, कारण जवळजवळ प्रत्येक नवीन पिल्लाला होतात. कारणं बरीच, खाणं एकदम बदललं, दूध पाजलं, जंत, आतड्यातले इतर बारीक परजीवी, किंवा ज्याच्याबद्दल पुढे लिहितेय तो व्हायरस. एकदा पातळ झालं आणि पिल्लू खातंय-खेळतंय तर ठीक, लक्ष ठेवा. पण वारंवार होतंय, रक्त दिसतंय, सोबत उलटी आहे, किंवा पिल्लू गप्प बसलंय, तर त्याच दिवशी डॉक्टर. घरी जायफळ उगाळून देणं, माणसांची जुलाब बंद करायची गोळी अर्धी-पाव करून देणं हे कृपा करून नको. अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला बरेच जण मानेची कातडी चिमटीत धरून बघतात, पण अगदी लहान पिल्लात त्यावरून नीट कळत नाही. त्यापेक्षा वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला आणि हिरडीला बोट लावा. हिरडी गुलाबी आणि ओली, बोट सहज सरकतंय, तर बरं आहे. बोट चिकटतंय, कोरडी लागतेय, तर पाणी कमी झालंय. हिरडी पांढरट दिसली तर रक्त कमी आहे, त्याचं कारण बहुतेक वेळा पिसवा नाहीतर जंत.

जंत हे रस्त्यावरच्या पिल्लाला असतातच असं धरूनच चाला, कारण गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. पोट फुगलेलं आणि बाकी अंग हडकुळं असं दिसतं, लोकांना वाटतं काय गोंडस गुबगुबीत आहे. औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून चालू करता येतं, मग दोन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. एकदाच देऊन का भागत नाही तर औषध आतड्यातले मोठे जंत मारतं, शरीरात इकडेतिकडे फिरत असलेल्या अळ्यांपर्यंत ते पोचत नाही, त्या नंतर आतड्यात येऊन मोठ्या होतात. डोस वजनावर असतो, म्हणून परत तो काटा. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते चपट्या जंताचे तुकडे, ते पिसवांमुळे होतात, त्याचं औषध वेगळं, डॉक्टरांना तसं सांगा.

आता लस. यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. "एकदा दिली ना, मग परत कशाला, डॉक्टरांचा धंदा आहे" असं मी कितीदा ऐकलंय. तसं नाहीये, नीट समजून घ्या.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचं जे चिकाचं दूध पितं त्यातून त्याला तयार अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, मिळतात. या अँटीबॉडी पिल्लाला काही आठवडे वाचवतात, पण लस दिली तर तिच्यातला कमजोर केलेला व्हायरस पण त्या मारून टाकतात. त्यांना काय माहीत हा खरा शत्रू आहे की लस आहे. म्हणजे शिदोरी भरलेली असेल तर लस वाया जाते. आणि शिदोरी संपलेली असेल, लस अजून दिलेली नसेल, तर पिल्लू उघडं पडतं. ही शिदोरी नक्की कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कोणाची आठव्या आठवड्यात, कोणाची सोळाव्यात, एकाच आईच्या दोन पिल्लांत पण फरक असतो. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून काय करायचं तर सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस पिल्लू निदान १६ आठवड्यांचं झाल्यावर. यातला कुठला तरी एक डोस बरोबर वेळेवर बसतो. त्यानंतर सहा महिन्यांचं ते एक वर्षाचं असताना एक बूस्टर. जगभरातल्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जी संघटना आहे, वसावा म्हणतात तिला, तिचा सल्लाही असाच आहे. दोन डोस बाराव्या आठवड्यापर्यंत देऊन फाइल बंद केली तर काही पिल्लं तशीच राहून जातात, म्हणून तो शेवटचा सोळा आठवड्यांचा डोस आवर्जून मागून घ्या.

आपल्याकडे या लसीला ट्रायकॅट म्हणतात, तीन रोगांवर चालते. दोन सर्दीचे व्हायरस, हर्पीस आणि कॅलिसी, आणि तिसरा पॅनल्युकोपेनिया, खरी भीती याची. कुत्र्यांना होणाऱ्या पार्वो व्हायरसचाच हा भाऊबंद. तो शरीरात भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या आत जिथे पांढऱ्या पेशी तयार होतात ती जागा. एकाच वेळी आतडं सोलवटतं आणि लढणारे सैनिक संपतात. पिल्लाला ताप येतो, उलट्या होतात, जुलाब लागतात, आणि एक फार ओळखू येणारी गोष्ट म्हणजे ते पाण्याच्या वाटीसमोर मान खाली घालून बसून राहतं, पाण्याकडे बघतं पण पीत नाही. हे दिसलं की मिनिटाचा पण उशीर करू नका. या व्हायरसवर थेट औषध नाही, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, ऊब, साखर आणि अँटिबायोटिक यांच्या आधारावर पिल्लाला तगवायचं, आणि जे लवकर पोचतात ते वाचू शकतात.

आमचं मांजर घराबाहेरच जात नाही मग लस कशाला, असंही विचारतात. हा व्हायरस घरात वर्षभर टिकू शकतो, आणि तो तुमच्या चपलेला लागून येतो. मांजर बाहेर जात नसेल, तुम्ही तर रोज जाता. घरात आधीचं मांजर असेल तर नवीन पिल्लू निदान दोन आठवडे वेगळं ठेवा, वन बीएचकेमध्ये जागा नसते माहितीये, बेडरूम किंवा एक कोरडं बाथरूम चालतं, भांडी वेगळी, शी-शूचा ट्रे वेगळा, हात धुवून मगच दुसऱ्या मांजराला हात. आणि एखाद्या घरात पॅनल्युकोपेनियाने पिल्लू गेलं असेल तर त्या घरात लगेच दुसरं लस न झालेलं पिल्लू आणू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

लस मेडिकलमधून घेऊन पिशवीत घालून नेऊ नका, ती २ ते ८ डिग्रीतच राहायला लागते, क्लिनिकच्या फ्रीजमधलीच घ्या. लस दिल्यावर एखादा दिवस पिल्लू झोपाळू राहतं, ते चालतं, पण चेहरा सुजला किंवा उलट्या सुरू झाल्या तर परत जा. म्हणून लस सकाळच्या वेळेला घ्यावी असं माझं मत, म्हणजे काही झालं तर क्लिनिक उघडं असतं. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कार्डावर तारीख, स्टिकर आणि सही आहे ना बघून घ्या.

साफसफाईवर येते, कारण इथे आपल्या घरांमध्ये एक मोठा धोका आहे आणि तो म्हणजे फिनेल. फिनेल, डेटॉल, त्या जातीची लाद्या पुसायची औषधं, मांजरासाठी विष आहेत. मांजराच्या लिव्हरमध्ये एक एन्झाइम नीट कामच करत नाही, जे आपल्या शरीरात अशी रसायनं बाहेर टाकायला मदत करतं. पिल्लू ओल्या लादीवरून चालतं, मग पाय चाटतं, आणि ते सगळं पोटात. वर गंमत अशी की पॅनल्युकोपेनियाचा व्हायरस फिनेलने मरत पण नाही. त्यासाठी साधं ब्लीच, एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, आधी घाण साबणाने धुवून मग हे लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, परत पाण्याने पुसायचं, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो. रोजच्या पुसण्याला नुसतं पाणी आणि थोडा साबण पुरतो, कामाला येणाऱ्या ताईंना पण हे नीट समजावून सांगा.

त्याच लिव्हरच्या कारणाने पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे, मांजराला कधीही नाही, अगदी पाव गोळीसुद्धा नाही. पिल्लाचं अंग गरम लागलं म्हणून लहान मुलांचं सिरप पाजतात आणि ते रक्तातल्या ऑक्सिजन नेणाऱ्या पेशीच निकामी करतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. आणि मुळात मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते आपल्या हाताला गरमच लागणार. कुत्र्यांचं गोचिडाचं औषध पण नको, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन जीव जातो. कपाटातल्या डांबरगोळ्या, टी ट्री ऑइल, कांदा-लसूण घातलेला रस्सा, आणि वाढदिवसाच्या बुकेमधली लिली, या पण दूर. लिलीचं तर पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी किडनी जाते.

खाण्याचं थोडं. दूध-पोळी, दूध-भात, मासळीचं पाणी-भात यावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मांजरं जगली हे खरं, पण ती मांजरं दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या पण खात होती. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या पिल्लाला तुम्ही जे द्याल तेवढंच. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक आपल्या आपण पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच यावा लागतो, कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय मोठं होऊन निकामी होतं. हृदयाचं हे कारण १९८७ मध्ये सापडलं, त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं. मग उकडलेलं चिकन देतो की, असं म्हणाल. नुसत्या चिकनच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नाही, वाढत्या पिल्लाचं शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, मग सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. म्हणून पहिलं वर्षभर मुख्य खाणं पिल्लांसाठीचं तयार फूड, ज्याच्या पाकिटावर पिल्लांसाठी संपूर्ण आहार असं लिहिलंय ते, आणि चिकन-मासे वरची गंमत. कच्ची मासळी नको, काही माशांत एक असा घटक असतो जो बी वन व्हिटॅमिन मारतो. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू.

पिसवा लहान पिल्लाचं रक्त अक्षरशः पितात. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शक्यतो बारीक दाताच्या कंगव्याने विंचरून काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा, औषध डॉक्टर वय-वजन बघून देतील. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखं काळं दिसलं तर कानातले किडे, इअरबड घालून खणत बसू नका. केस गोल गोल जात असतील तर ती बुरशी, आपण ज्याला गजकर्ण म्हणतो तेच, ते माणसांनाही लागतं, घरातल्या मुलांना आधी. लिटर ट्रेमध्ये अगदी लहान पिल्लाला गोळा होणारी वाळू नको, ती खाऊन पोटात घट्ट होते, कागदाचे तुकडे किंवा लाकडी भुशाच्या गोळ्या चालतात.

सर्दी दिसायला साधी, पण नाक बंद झालं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही, आणि खाल्लं नाही तर पुढचं वर लिहिलंच आहे. डोळे चिकटले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. वेट फूड जरा कोमट करून द्या, वास वाढतो. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून दहा मिनिटं बसवलं तर नाक मोकळं होतं. घरात पडलेले माणसांचे आय ड्रॉप घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल आणि डोळ्यावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

घरच्या माणसांचं पण सांगते. पिल्लू चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे. सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात रेबीजची लस मिळते. पिल्लू लहान आहे, घरातलंच आहे म्हणून सोडून देऊ नका, ते आधी कुठे होतं तुम्हाला माहीत नाही. आणि घरात कोणी गरोदर असेल तर सासूबाई आधी मांजर बाहेर काढायला सांगतात, कारण टोक्सोप्लाझ्मा, मांजराच्या शीतून पसरू शकणारा एक बारीक परजीवी, जो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. तो आजार खरा आहे, पण मांजर त्याची अंडी सहसा आयुष्यात एकदाच, काही दिवस ते दोन-तीन आठवडे टाकतं, आणि शीतून बाहेर पडल्यावर ती अंडी लागण करण्याजोगी व्हायला निदान एक दिवस जातो. म्हणजे ट्रे रोज साफ केला, तो गरोदर बाईने न करता दुसऱ्या कोणी केला, मांस नीट शिजवलं, भाजी नीट धुतली आणि मांजराला कच्चं मांस दिलं नाही, तर धोका अगदी कमी राहतो. कच्चं-अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यातूनच माणसांना ते जास्त होतं.

खिडक्यांना जाळी पिल्लू येण्याआधी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी असेल तर कडा ओढून बघा, पिल्लं ती कुरतडतात, आणि ग्रिलच्या गजांमधून तर सहज बाहेर जातात.

रात्री-बेरात्री काही झालं तर कुठे जायचं हे आजच शोधून ठेवा. तुमच्या भागातली कोणती क्लिनिकं रात्री फोन उचलतात ते दिवसा फोन करून विचारा, कारण रात्री दोन वाजता शोधत बसलात तर पिल्लाचे तास जातात. परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाण्याहून सेंट्रल लाइनने सरळ आहे, १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेजही तिथेच, पण अगदी गळालेल्या पिल्लाला एवढा प्रवास झेपत नाही, आधी जवळच्या क्लिनिकमध्ये सलाईन-साखर मिळू दे. श्वास तोंडाने घेतंय, मान टाकलीय, अंग गार आहे, हिरड्या पांढऱ्या आहेत, किंवा लहान पिल्लाने दोन वेळचं खाणं सोडलंय, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि शेवटी नसबंदीचं ऑपरेशन. मांजरी चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकते, साधारण ६३-६५ दिवसांत पिल्लं, म्हणजे तुम्ही आणलेलं पिल्लू अजून स्वतः पोरवयातलं असताना आई होतं, आणि त्या पिल्लांना पुढे तेच पार्किंग, तीच मीटर रूम. म्हणून शेवटची ट्रायकॅट झाली की लगेच तारीख घ्या, पाच महिन्यांच्या आत उरकून टाका, बोक्याचं पण. तारीख घेताना एक गोष्ट मुद्दाम विचारा, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा हा मोठ्या मांजराचा नियम आहे, पिल्लाला तो चालत नाही, त्याची साखर घसरते. लहान पिल्लाला सहसा काही तासच उपाशी ठेवायचं असतं, नक्की किती ते डॉक्टरांकडून वजन सांगून लिहून घ्या, आणि शुद्धीवर आलं की पहिला घास कधी द्यायचा ते पण.